वीस चुलींचं लग्न

माह्या पोरीचं लग्न वीस चुलींचं झालं. चुली मोजायची कल्पना माहीच होती, म्हणून ते आधी सांगून टाकते. नाही तर लोक उगाच माह्या जावयाच्या, सुशीलच्या घरच्याईले नावं ठेवतात.

आमच्याकडे लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं राहते. एक साधं, म्हणजे घरातून एकानं यायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं अन् जायचं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्या माणसापासून रांगत्या लेकरापर्यंत सगळ्याईनं आपल्याकडे जेवायचं. आता सगळीकडे गॅस आला, पण म्हणायले अजून चूलच म्हणतात. लॉनवर लग्न लावणारे हजार घराईले कार्ड वाटतात, प्रत्येक घरून एक माणूस येते, लिफाफा देते, उभ्या उभ्या जेवते अन् गाडी काढते. नवरीचं नाव काय म्हणून विचारा, तो कार्ड शोधेल. अश्लेषा म्हणाली, आई, मले तसं नको, अन् माह्या पगारातून जेवढं जमलं तेवढ्यातच करायचं. मी म्हटलं, मंग घरं थोडी घे पण अख्खी घे. आम्ही दोघी मायलेकी कागद घेऊन बसलो अन् वीस घरं निघाली. दोन्हीकडची मिळून ऐंशी माणसं. बैठक अर्ध्या तासात संपली.

मी सुभद्रा. हिंगणा रोडवर, कारखान्याच्या वस्तीत, सतरा वर्षांपासून मेस चालवते. नवरा होता तेव्हा सुरू केली, तो गेला त्याले बारा वर्षं झाली. अंगणात टिनाचं शेड, चार लांब टेबलं अन् अडतीस मेंबर. सगळे मागच्या बिल्डिंगमध्ये खोल्या करून राहणारे, कंपनीत पाळ्या करणारे पोट्टे. कोणी बालाघाटचा, कोणी छिंदवाड्याचा, कोणी गडचिरोलीकडचा. चाळीस माणसाचा सयपाक रोज दोनदा करणाऱ्या बाईले ऐंशी माणसाच्या एका जेवणाचं काय टेन्शन राहणार? जो विचारे त्याले मी हेच सांगे.

माहे भासरे बाबाराव, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, रामटेककडे धानाची शेती करतात. अंगणात लग्न आहे हे ऐकून ते गाडी काढून आले. एकुलती एक पोरगी, तिचं लग्न काय टिनाखाली लावता, लॉनचं मी पाहतो, असं बरंच बोलले. मी चहा ठेवला अन् म्हटलं, दादा, तुमच्या पोराच्या लग्नात दोन हजार माणूस होतं, मले त्यातले बारा आठवतात, अन् त्यातला एक काकडी कापणारा होता. ते हसले नाहीत, पण चहा सगळा प्याले. जाताना म्हणाले, मांडवाले आंब्याचे डहाळे मी आणतो. म्हणजे पटलं होतं.

सगळं कसं चोख ठरलं होतं. सोमवारचा मुहूर्त, कारण सोमवारी मांडववाला स्वस्तात मिळते. फुलं पहाटे शहरातल्या बर्डीच्या बाजारातून सुशील स्वतः आणणार होता. हा माहा होणारा जावई कळमेश्वरच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामावर आहे, त्यामुळे एकही वाळलेलं फूल येणार नाही याची मले खात्री होती. बँड नाही, एक सनईवाला. जेवायले वांगे-आलूची भाजी, कढी, पुऱ्या, वरण-भात अन् बुंदी. आचारी बाहेरचा. तो अश्लेषाचा हट्ट होता. ती म्हणाली, त्या दिवशी तू गॅसजवळ दिसली तर मी बोहल्यावरून उठेन.

अन् तिची आणखी एक अट होती. ती तिनं सगळ्यात शेवटी सांगितली, कपड्याच्या घड्या घालता घालता, माह्याकडे न पाहता. त्या दिवशी मेसवाले नको.

मले राग आला. मी म्हटलं, काहून वं, त्याईनं काय केलं तुह्यं? ज्याईच्या जेवणावर तुही फी भरली ते तुले लग्नात नकोत? लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून डोक्यात हवा गेली का? मी रागात आली का असंच बोलते, मंग दोन दिवस पस्तावते. अश्लेषानं हातातली साडी खाली ठेवली अन् म्हणाली,

"मी आठ वर्षांची होती तेव्हापासून आपल्या घरी रोज अडतीस माणसं जेवून राहिली, आई. दहावीचा रिझल्ट लागला तेव्हा मी धावत तुह्याजवळ आली. तू म्हटलं, थांब, याले पोळी देऊ दे. मले एक दिवस पाहिजे. फक्त एक. ज्या दिवशी तू कोणालेच पोळी देणार नाहीस."

मले ते पोळीचं आठवतही नव्हतं. कोणाले दिली, गरम होती का गार, काहीच नाही. तिले मात्र दहा वर्षांनी आठवत होतं. माहा राग कुठल्या कुठे गेला अन् मले स्वतःची लाज वाटली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. वीस चुली, अन् एकविसावी नाही. मेंबराईले सांगून टाकलं का सोमवारी दोन्ही वेळ मेस बंद, अन् गेटवर पाटी लावली.

आता आवतणाचं. कार्ड छापलं नव्हतं, म्हणजे घरोघरी जाऊन कुंकू लावून, हातावर अक्षता देऊनच बोलवायचं होतं. फोनवरचं आवतण आमच्याकडे कोणी धरत नाही. माहे गुडघे अन् दोन वेळचा सयपाक, मले फिरणं जमत नव्हतं, म्हणून कळमेश्वरची, म्हणजे त्याईच्याकडची, घरं सुशीलच्या आईकडे दिली अन् आपल्याकडची यमुताईकडे. यमुताई माह्याकडे पंधरा वर्षांपासून पोळ्या लाटते. तिले वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. मी घरं म्हणून दाखवली, तिनं बोटावर मोजली, कुंकवाची डबी अन् अक्षतांची पिशवी कमरेले खोचली अन् निघाली. दोन दिवसांत सगळं करून आली. मी शाबासकी दिली.

गुरुवारी दुपारी मी वरण वाढून राहिली होती. ओमप्रकाश नावाचा मेंबर आहे, बालाघाटचा, अकरा वर्षांपासून माह्याकडे जेवते, मेंबराईत सगळ्यात जुना. तो ताट पुढं करून म्हणाला, "मौसी, मुहूर्त साढ़े ग्यारह का है ना? हम सबने शिफ्ट बदल ली है."

पळी वरणातच राहिली. मी कसंबसं हो म्हटलं, त्याले वाढलं, अन् मागं जाऊन यमुताईले धरलं. ती पोळीवरची नजर न काढता म्हणाली का हो, दिलं न त्याईले आवतण, सगळ्यात पहिले त्याईलेच दिलं, दादाच्या घराच्याही आधी.

मी तिले बह्याड म्हटलं, भैताड म्हटलं, तोंडात आलं ते सगळं म्हटलं. वीस घरं सांगितली होती, त्यात ही बिल्डिंग होती का? यमुताईनं लाटणं ठेवलं.

"चूल कोणाची बंद होऊन राहिली पहिले? आपलीच न? मंग आपल्या चुलीवर जे जेवते त्याईचं आवतण पहिलं. हे काय सांगायचं राहते का सुभद्रा? त्याईले दुसरी चूल आहे का?"

 आमच्या गावातही तसंच होतं. घरच्या चुलीवर जेवणारा गडी असो का गुराखी, लग्नाचं कुंकू आधी त्याले लागे, मंग पाहुण्याईले. ती जे करत आली तेच तिनं केलं होतं, अन् मी तिच्या जागी असती तर मीही तेच केलं असतं. पण मी माह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता.

दिलेलं आवतण कोणी परत घेतलं, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी ठरवलं, आपण घ्यायचं. मी काही भिणारी बाई नाही. सडका भाजीपाला देणाऱ्या ठोकवाल्याले मी भर बाजारात पोतं परत करते. बोलायचं वाक्य मनात पक्कं केलं, दुसरी पाळी कामावर जायच्या आधी बिल्डिंगचा जिना चढली.

प्रत्येक खोलीच्या चौकटीवर कुंकवाचं बोट होतं. यमुताईनं एकही दार सोडलं नव्हतं. पहिल्याच खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवला होता, सोमवारी कोणाची पाळी कोण करणार त्याची यादी. चौघंजण तर रविवारी लागोपाठ दोन पाळ्या करून सोमवारी सरळ लग्नाले येणार होते. खिळ्याईले इस्तरी केलेले शर्ट टांगले होते. एका पोट्ट्यानं पांढऱ्या शर्टावर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र घातलं होतं. त्याईनं मले खुर्ची दिली, पंखा माह्याकडे फिरवला. मी म्हटलं, उद्या कारल्याची भाजी आहे, कोणाले नको असेल तर आत्ताच सांगा. अन् खाली उतरली.

संध्याकाळी अश्लेषा घरी आली तेव्हा मी तिले बसवून सगळं सांगितलं. यमुताईचं, कुंकवाचं, शर्टाचंही. लपवणं मले जमत नाही. तिचं तोंड उतरलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली का मले माहीत होतं, शेवटी असंच होणार होतं. मले ते लागलं. मी म्हटलं, मी गेली होती वं परत घ्यायले, जीभ उचलली नाही, आता तूच सांग मी काय करू. माह्या डोळ्याले पाणी आलं होतं. मी ते तिच्यापासून लपवलं नाही.

 तिनं उठून चपला घातल्या.

"तू नको घेऊ परत. लग्न माहं आहे, मी सांगते त्याईले."

अर्ध्या तासानं परत आली. मी दारातच उभी होती. म्हणाली, झालं, ते लग्नात येणार नाहीत. मी विचारलं, वाईट वाटलं का त्याईले? ती म्हणाली, आई, तू आता भात टाक.

त्यापुढचे तीन दिवस मले फार जड गेले. मेंबर येत, खाली मान घालून जेवत अन् जात. लग्नाचा शब्द कोणी काढत नव्हतं. रोज माह्याशी मस्करी करणारा ओमप्रकाश, तो नजर चुकवून राहिला होता. मी वरणावर तूप जास्त सोडलं, शनिवारी कामधाम नसताना शिरा केला. तोही कोणी पुन्हा मागितला नाही. मले वाटलं, तुटलं हे. पण शब्द तर राखला होता, अन् जिले दिला ती पोरगी आनंदात मेंदी काढून राहिली होती. मी स्वतःले तेच सांगत राहिली.

सोमवारचं लग्न मात्र झालं ते पाहण्यासारखं. बाबाराव दादाईनं गाडीभर डहाळे आणले, टिनाचं शेड ओळखू येईना. सुशीलनं आणलेल्या शेवंतीत एक वाळलेलं फूल नव्हतं. कन्यादान कोणी करायचं यावर एका म्हाताऱ्या बाईनं कुजबुज सुरू केली होती, का विधवेनं कसं करायचं म्हणून. तर दादाच पुढं झाले अन् म्हणाले, बारा वर्षं एकटीनं वाढवली ती एकटीनं देईल. मी सकाळपासून उपाशी होती, कन्यादान करणाऱ्यानं राहायचंच असते. पोरीचा हात सुशीलच्या हातात मीच दिला.

ऐंशी माणसाईत एकही अनोळखी तोंड नव्हतं. अश्लेषा प्रत्येकाले नावानं हाक मारत होती. सुशीलच्या आजीनं बुंदी दोनदा मागून घेतली. अन् मी दिवसभर पोरीच्या जवळ होती. तिनं माहा पदर धरून ठेवला होता, लहानपणी धरायले पाहिजे होता तसा. मी कोणालेच पोळी दिली नाही, पुरी नाही, भात नाही, काही नाही. फक्त विहीणबाई जेवायले बसल्या तेव्हा रिवाज म्हणून पंगतीसमोर उभी राहिली. व्याह्याईचं जेवण झाल्याशिवाय पोरीच्या आईनं बसायचं नसते. ती पंगत उठली तोवर मंडळीले उजेडात कळमेश्वर गाठायची घाई झाली. अश्लेषानं गाडीत बसताना विचारलं, जेवली का? मी म्हटलं, हो वं, कधीची.

चार वाजता गाडी गेली. साडेपाचपर्यंत दादा अन् बाकीचे पाहुणे निघाले, आचारी भांडी भरून गेला, मांडववाला कापड सोडून गेला. यमुताई मागं अंगण झाडून राहिली होती. मी पायरीवर बसली. टेबलं भिंतीले लागलेली, शेड रिकामं. सतरा वर्षांत संध्याकाळच्या टायमाले ते मी असं कधी पाहिलं नव्हतं. मंग मात्र मी रडली. चांगली हंबरडा फोडून रडली, लपवायचं कोणापासून होतं? जेवायची आठवण मले झाली नाही, अन् झाली असती तरी एकटीसाठी गॅस कोण पेटवते.

गेट वाजलं. पाहते तर ओमप्रकाश, अन् त्याच्या मागं सगळे. अडतीसच्या अडतीस, इस्तरीचे शर्ट घालून. मले पहिले रागच आला. आपण रडताना कोणी पाहिलं का मले रागच येते. मी डोळे पुसले अन् झापलं का पाटी लावली आहे आठवड्यापासून, वाचता येत नाही का, आज मेस बंद आहे.

"मेस में नहीं आए, मौसी," ओमप्रकाश म्हणाला. "शादी में आए हैं. दीदी का न्योता है, शाम का."

मले काही समजलं नाही. मंग त्यानं सांगितलं. त्या गुरुवारी अश्लेषा बिल्डिंगमध्ये गेली, सगळ्याईले व्हरांड्यात बोलावलं, अन् आधी हात जोडून माफी मागितली का दुपारी मले माह्या घरचेच पाहिजेत, राग मानू नका. हे रोज तिले ताई-दीदी म्हणणारे पोट्टे, त्याईनं लगेच मान्य केलं. मंग ती जायले निघाली, जिन्यापर्यंत गेली अन् परत आली.

"बोली, दोपहर मेरी है. शाम को आई घर में अकेली रहेगी, और सुबह से भूखी रहेगी. मैं पूछूँगी तो झूठ बोलेगी कि खा लिया. अपने अकेले के लिए वो गैस नहीं जलाती. तुम लोग जाओगे तो जलाएगी, और तुमको खिलाके फिर खुद खाएगी." ओमप्रकाश आता हसायले लागला. "और बोली, मौसी को बताना मत. नहीं तो वो मेरी हल्दी छोड़के आटा गूँधने बैठेगी."

तीन दिवस नजर चुकवली ती यासाठी. मले याईचा राग आला होता का माह्याच पोरीचा, का काही वेगळंच झालं होतं, सांगता येत नाही. मले एवढं माहीत होतं का जिच्या घरातून या अडतीस माणसाईनं तिची आई नेली होती, त्या पोरीनं आज जाताना आईसाठी त्याईलेच धाडलं होतं. मी तिले ओळखतच नव्हती. मी परत रडायले लागली, यावेळी सगळ्याईसमोर, अन् मले त्याचं काही वाटलं नाही.

मंग यमुताई म्हणाली, रडणं होत राहील, तूर भिजत घालू का? मी उठली. पोट्ट्याईनं टेबलं ओढली. वरण-भात, पोळ्या अन् पातळ बेसन, दीड तासात पंगत बसली. मी वाढलं, आग्रह केला, कोण कमी जेवून राहिला त्याले झापलं. जेवण झालं तरी कोणी उठलं नाही. ओमप्रकाशनं एक ताट वाढून माह्यासमोर ठेवलं अन् फोन काढला. दीदी को फोटो भेजना है, म्हणाला, खाली ताट का नहीं चलेगा, खाते हुए का चाहिए.

मी बसली. पहिला घास तोंडात गेला तेव्हा त्यानं फोटो काढला. फोटोत माहे डोळे सुजलेले आहेत, केस विस्कटलेले आहेत, गाल घासानं फुगलेला आहे अन् मागं अडतीस पोट्टे दात काढून राहिले आहेत. अश्लेषानं लग्नाच्या अल्बममध्ये तो पहिल्या पानावर लावला आहे.